लेकीच्या दुसऱ्या बाळंतपणाला वसईस

पहिलें बाळंतपण माहेरीं आणि पुढचीं सासरीं, असा आपल्याकडे सर्वसाधारण रिवाज आहे. त्याला कांहीं शास्त्राधार आहे असें नाहीं. पहिलटकरणीला आईजवळ धीर वाटतो, आणि दुसऱ्या खेपेस तिला धीराची गरज उरत नाहीं, एवढीच त्यामागची समजूत. ही समजूत कितपत खरी आहे याविषयीं मला शंका आहे. 'दुसरेपण काय, हंसतखेळत होतें' असें बायका एकमेकींना सांगतात तेव्हां मी गप्प बसतें. माझें दुसरें बाळंतपण ज्या सालीं आलें त्या सालीं राजापुराकडच्या आमच्या गांवच्या नदीला दोन दिवस उतार नव्हता, आणि दवाखाना पलीकडच्या तीराला होता. तें मूल मला मिळालें नाहीं. याहून अधिक त्याविषयीं लिहिण्याचें कारण नाहीं. परंतु लेकीला पुन्हां दिवस गेल्याची बातमी पुण्यास आली तेव्हां घरांत सर्वांनीं पेढे खाल्ले आणि मीं पंचांग उघडून महिने मोजले, तें कां, हें वाचकभगिनींच्या ध्यानांत यावें म्हणून एवढें सांगितलें. दिवस आषाढाच्या अखेरीस भरत होते.

तिनें पुण्यास यावें म्हणून मीं पुष्कळ आग्रह केला. तिचें एकच उत्तर, "आई, मोठीची शाळा आतांच सुरू होणार, तिला टाकून यायचें कसें? आणि इथल्या डॉक्टरीणबाईंना माझें सारें ठाऊक आहे. मी येत नाहीं, तूंच ये." फोनवर तिचा आवाज नेहमीसारखा होता. परंतु तो मुद्दाम तसा काढलेला आहे हें मला कळत होतें.

ज्येष्ठाच्या दुसऱ्या आठवड्यांत दोन पिशव्या व एक पत्र्याचा डबा घेऊन मी निघालें. दादरास उतरून विरारच्या गाडींत बसलें; बसलें हा शब्द केवळ लिहिण्याच्या सोयीसाठीं वापरला आहे. बायकांच्या त्या डब्यांत नुसतें उभें राहण्यासही कोणाची तरी मर्जी संपादावी लागते. तथापि त्याच गर्दींत अंधेरीला एक मुलगी चढली, सातवा-आठवा महिना असावा. आणि कोणीं कोणास न सांगतां खिडकीजवळची एक बाई उठली, मधल्या चौघींनीं अंगें चोरलीं, आणि ती मुलगी जागेवर जाऊन पोंचली. उठलेल्या बाईनें आपली मेथीची पिशवी तिच्याच मांडीवर ठेवली, आणि दोघी मिळून भाईंदरपर्यंत मेथी निवडीत होत्या. विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत १८६७ च्या एप्रिलांत पहिल्यानें गाडी सुरू झाली तेव्हां दिवसाला एकच गाडी जात-येत असे म्हणतात. त्या गाडींतल्या बायका कशा बसत असतील कोण जाणे.

भाईंदर सुटलें कीं वसईची खाडी लागते. गाडी पुलावर आली म्हणजे चाकांचा आवाज एकदम पोकळ होतो, खारा वारा आंत शिरतो. मध्यें पाणजू बेट आणि कांठाकांठानें कांदळवनें व मिठागरें दिसतात. देखावा रमणीय आहे खरा. परंतु मला त्या दिवशीं त्यांतलें पाणीच तेवढें दिसलें. मुंबईस जाण्याचा लोहमार्ग हाच. सडकेनें जावयाचें तर पूर्वेकडून मोठा वळसा घेऊन घोडबंदराजवळ हीच खाडी पुन्हां ओलांडावयाची. नदीच्या दोन तीरांचा माझा जुना हिशेब तेथेंच पुन्हां सुरू झाला.

नकाशा पाहिल्यास हें ध्यानांत येईल. वसईच्या दक्षिणेस ही खाडी, उत्तरेस वैतरणा, पश्चिमेस समुद्र. पूर्वेची बाजू तेवढी जमिनीची, आणि तेथें तुंगारेश्वराचे डोंगर उभे. डोंगरावरचें पावसाचें पाणी याच सखल पट्ट्यांतून खाडीला मिळावयाचें. पूर्वी तें मिठागरांवर व भातखाचरांवर पसरून सावकाश उतरे. आतां त्या जमिनीवर इमारतींचें रान माजलें आहे. २००९ सालीं चार नगरपालिका व आसपासचीं गांवें मिळून वसई-विरारची महानगरपालिका झाली, २०११ च्या शिरगणतींत येथें बारा लाखांवर माणसें भरलीं, आणि २०१४ च्या १ ऑगस्टला ठाणें जिल्ह्यांतून निघून हा मुलूख नव्या पालघर जिल्ह्यांत गेला. माणसें वाढलीं, जिल्हा बदलला; पाण्याला मात्र कोणीं नवी वाट दिली नाहीं. मुसळधार पाऊस आणि समुद्राची भरती एकाच वेळीं आलीं कीं पाणी उतरावयाचें सोडून उलट चढूं लागतें. २०१८ च्या १० जुलैस असेंच झालें. नालासोपाऱ्याला रूळ पाण्याखालीं गेले, गाड्या बंद पडल्या, मिठागरांतल्या वस्तीला पाण्यानें वेढा दिला. त्या दिवशीं लेकीचा फोन लागेना म्हणून मी पुण्यास रात्रभर जागी होतें. तेव्हां तर ती अवघडलेलीही नव्हती.

लेकीचें घर वसई गांवांत, पारनाक्याच्या अलीकडे, जुन्या वाडींत आहे. स्थानकापासून रिक्षा जसजशी पश्चिमेस जाते तसतशा इमारती मागें पडतात आणि विहिरी, केळीं, सुपारी, पानवेली, सोनचाफा दिसूं लागतात. केळ्यांत राजेळीचा मान येथें मोठा. तिचीं पिकलेलीं केळीं उन्हांत वाळवून केलेलीं आगाशीकडचीं सुकेळीं ज्यांनीं खाल्लीं आहेत त्यांना निराळें सांगावयास नको. घरांत नव्वदीच्या आजेसासूबाई, व्याही, विहीणबाई, जांवई, त्यांचे धाकटे बंधु व त्यांची पत्नी, माझी लेक आणि साडेचार वर्षांची नात असें भरलेलें कुटुंब आहे. विहीणबाई चौतीस वर्षें शाळेंत इतिहास शिकवीत होत्या. आमच्या दोघींत कधीं शब्दानें शब्द वाढलेला नाहीं. परंतु विहिणी त्या विहिणीच. मीं माझा पत्र्याचा डबा उघडून डिंकाचे लाडू बाहेर काढले, तेव्हां त्यांनीं कांहीं न बोलतां फडताळांतून तेवढाच दुसरा डबा काढून माझ्या डब्याशेजारीं ठेवला. अहाळीव माझेही होते, त्यांचेही होते. बाळंतशोपा, ओवा, सुंठ, खारीक या सर्वांची तीच गत. जुन्या मऊ लुगड्यांचीं दुपटीं मीं चौदा आणलीं होतीं. त्यांनीं सोळा शिवलीं होतीं. आजेसासूबाई पलंगावरून म्हणाल्या, "एका बाळाला आहे का जुळ्यांना?"

हा गोंधळ चालला असतां नातीनें पेटींतून स्वतःचीं लहानपणचीं झबलीं व टोपडीं ओढून काढलीं. एक टोपडें तिनें डोक्यावर चढविलें; तें टाळूपर्यंतच आलें. तें तसेंच धरून ती म्हणाली, "हें माझें आहे. बाळाला तुम्ही नवें घ्या." सारीं हंसलीं. लेक मात्र हंसली नाहीं, आणि मींही नाहीं. नव्या बाळासाठीं आम्हीं दोन्ही घरच्यांनीं मिळून तीस दुपटीं जमविलीं होतीं. या मुलीसाठीं कोणीं काय केलें होतें? रात्रीं ती आईच्या कुशींत, आईचा कान धरून झोपत असे. बाळ ज्या दिवशीं घरीं येईल त्याच दिवशीं तिला तेथून उठविलें तर तिनें बाळाकडे कोणत्या दृष्टीनें पाहावें?

विहीणबाईंनीं याचा विचार माझ्या आधींच करून ठेवला होता. त्या म्हणाल्या, "जागा बदलायची तर आजच बदलूं. बाळाच्या नांवावर तें जमा व्हायला नको." त्या रात्रीपासून नातीचें अंथरूण माझ्या खोलींत आलें. पहिल्या रात्रीं ती तीनदां उठून आईकडे गेली, दुसऱ्या रात्रीं दोनदां. चौथ्या रात्रीं तिनें माझा कान धरून पाहिला, आईच्या कानासारखा नाहीं असें सांगितलें, आणि झोंपी गेली. झोंपण्यापूर्वी तिनें अंधारांत विचारिलें, "आई बाळ आणायला गेली कीं परत येणार आहे ना?" हा प्रश्न तिला कोणीं शिकविला नव्हता.

तो प्रश्न माझ्याही मनांत होता. लेकीच्या पहिल्या खेपेस बाळंतपण झाल्यावर रक्त फार गेलें होतें, आणि जिला एकदां असें झालें तिला पुन्हां होण्याचा संभव अधिक. त्यांत सातव्या महिन्यांत तपासलें तों हिमोग्लोबिन ८.६ निघालें, गर्भारपणीं तें ११ च्या खालीं गेलें कीं पंडुरोग समजतात. लोहाच्या गोळ्या दिलेल्या होत्या, परंतु त्यांनीं पोट बिघडतें म्हणून, आणि 'पहिल्या वेळीं सारें केलें होतें, आतां ठाऊक आहे सगळें' म्हणून, तिनें अर्ध्याहून अधिक तशाच ठेवल्या होत्या. ज्या घेतल्या त्या सकाळच्या चहाबरोबर. चहानें लोह अंगीं लागत नाहीं, हें तिला ठाऊक नव्हतें असें नाहीं. पहिल्या वेळीं तिनें सहा महिने चहा सोडला होता. दुसऱ्या वेळीं तीच मुलगी बँकेची नोकरी, मुलीचा डबा व घरचे सणवार सांभाळीत होती, आणि तिच्या पोटाकडे पाहण्यास तिच्यासकट कोणालाच सवड नव्हती. पहिल्या गर्भारपणांत नऊ महिने डोहाळे पुरवितात. दुसऱ्यांत बाईला भाजी चिरतां चिरतां आठवण होते कीं आपल्याला आठवा लागला.

डॉक्टरीणबाईंनीं शिरेंतून लोह देण्याचें ठरविलें. तीन वेळां जावें लागलें. नवव्या महिन्याच्या आरंभीं आंकडा १०.२ वर आला. त्यांनीं आणखी तीन गोष्टी सांगितल्या. रक्तगटाचे दोघे-तिघे दाते आधींच पाहून ठेवा. कळा सुरू झाल्यावर वाट पाहूं नका. आणि मुंबईस नेण्याचा बेत मनांतही आणूं नका, कारण पाऊस लागला तर रस्ता तुमच्या हातचा नाहीं. वसईंत इस्पितळांची वाण नाहीं. महानगरपालिकेचें सर डी. एम. पेटिट रुग्णालय आहे, बंगलीला ख्रिस्ती मंडळींचें कार्डिनल ग्रेशस रुग्णालय आहे, खासगी तर पुष्कळच. तेव्हां पुण्यास नेण्याचा माझा जो बेत अजून मनांत घर करून होता तोही तेथेंच संपला.

एका बाबतींत मात्र मला राग आला, हें कबूल करतें. बाळगुटीसाठीं माझ्या आईची सहाण मीं पुण्याहून लुगड्यांत गुंडाळून आणली होती. मुरडशेंग, वेखंड, हळकुंड, जायफळ, सारें निवडून ठेवलें होतें. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पहिला चीक तासाभराच्या आंत पाजायचा, आणि पुढें सहा महिने आईच्या दुधावांचून कांहीं नाहीं. मध नाहीं, गुटी नाहीं, पाणीसुद्धां नाहीं. धुरी नको, काजळ नको. तेल लावून न्हाऊ घाला, तेवढें चालेल. माझ्या आईनें अकरा नातवंडें त्या सहाणेवर वाढविलीं! परंतु त्यांतलीं दोन वाढलीं नाहींत, हेंही मला घरीं येतां येतां आठवलें. सहाण मीं पुन्हां लुगड्यांत गुंडाळली.

जांवईबापूंनीं आपल्या परीनें एक तयारी केली होती. स्वयंपाकघराच्या दाराला कालनिर्णय टांगलेलें असतें, त्याच्या शेजारीं त्यांनीं आषाढ महिन्याच्या भरती-ओहोटीच्या वेळा लिहिलेला कागद चिकटविला. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण; त्या दिवसांत मध्यान्हाच्या व मध्यरात्रीच्या सुमारास पाणी भरतें आणि सहा तासांनीं उतरतें. अशा वेळांवर त्यांनीं तांबड्या पेन्सिलीनें खुणा केल्या होत्या. चतुर्थी-एकादशी पाहण्याच्या जागीं आम्ही सर्वजणी सकाळीं उठून तो कागद पाहूं लागलों. शेजारच्या वाडींत एक ख्रिस्ती कुटुंब आहे. त्यांचा फुलांचा व्यवसाय. पहांटे तीन वाजतां चाफा-मोगरा भरून त्यांचा टेंपो दादरच्या बाजाराकडे निघतो. त्या घरच्या काकूंनीं कुंपणावरून विहीणबाईंना सांगून ठेवलें, "रिक्षाच्या नादाला लागूं नका. आमचा टेंपो उंच आहे. रात्रीं केव्हांही हांक मारा, आम्ही जागींच असतों."

मध्यंतरीं आजेसासूबाईंनीं विरारच्या जीवदानीला नारळ व खण पाठवावयाचें काढलें. त्यांना स्वतःला चढवत नाहीं, म्हणून आम्ही दोघी विहिणी गेलों. हजाराहून अधिक पायऱ्या आहेत; गुडघ्यांचा विचार करून चढावें. निघतांना मीं त्यांना विचारिलें, "देवीपुढें काय मागायचें?" माझ्या मनांत जें होतें तें बहुधा माझ्या आवाजांतही उमटलें असावें. घरांत पहिली मुलगी आहे. आल्यागेल्या बायका लेकीच्या पोटाचा आकार पाहून 'यंदा मुलगाच' असें बजावून जात. सोनोग्राफींत मुलगा-मुलगी सांगण्यास १९९४ च्या कायद्यानें बंदी आहे. त्या बायकांच्या तोंडाला कोणता कायदा लावावा? आजेसासूबाई म्हणाल्या, "मागायचें तें मीं केव्हांच मागितलें आहे. तुम्ही फक्त नारळ द्या."

येतांना विहीणबाईंनीं वांकडी वाट करून मला सोपाऱ्यास नेलें. हें प्राचीन शूर्पारक बंदर. येथील बुरुड राजाचा कोट म्हणून ओळखला जाणारा विटांचा स्तूप १८८२ सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं उकरला, आणि त्यांत दगडी करंडक व बुद्धाच्या कांस्यमूर्ति सांपडल्या, हें पुष्कळांनीं वाचलें असेल. त्याच सालीं त्यांना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा येथें मिळाला. पुढें १९५६ सालीं जवळच्या भुईगांवीं नवव्या लेखाचाही एक तुकडा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीचे ग्रंथपाल गोरे यांना सांपडला. दोन्ही तुकडे मुंबईस गेले. आम्ही गेलों त्या दिवशीं स्तूपापाशीं गवत वाढलें होतें, झाडाखालीं दोन मुलें पतंगाचा दोरा सोडवीत बसलीं होतीं, आणि बाकी कोणी नव्हतें.

"त्या नवव्या लेखांत काय आहे, ठाऊक आहे का?" विहीणबाईंनीं पायरीवर बसत विचारिलें. मला ठाऊक नव्हतें. त्यांनीं सांगितलें तें मला इतकें नवें होतें कीं येथें त्याचा आशय देतें. सोपाऱ्याचा लेख फुटका आहे, परंतु गिरनार, कालसी वगैरे ठिकाणीं तो पुरा वाचावयास मिळतो. राजा म्हणतो कीं लोक आजारांत, मुलामुलींच्या लग्नांत, अपत्यजन्माच्या वेळीं, प्रवासास निघतांना नाना प्रकारचीं मंगलें करतात. आणि विशेषतः बायका तर क्षुद्र व निरर्थक अशीं पुष्कळच करतात. मंगलें करावींत, पण त्यांचें फळ थोडें. खरें फळ देणारें मंगल निराळें: दास व नोकर यांच्याशीं नीट वागणें, वडीलधाऱ्यांचा मान, प्राणिमात्राविषयीं संयम, श्रमण-ब्राह्मणांना दान.

सव्वादोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या राजाला आमचे दोन डबे व तीस दुपटीं दिसलीं असावींत असें मला क्षणभर वाटलें. मी म्हणालें, "बायकांना नांवें ठेवण्यासाठीं एवढा मोठा दगड कोरायचें कारण काय?"

"तर काय," विहीणबाई म्हणाल्या, "त्याच्या घरचीं बाळंतपणें कोणीं काढलीं, तेंही त्याला लिहितां आलें असतें." मग थोड्या वेळानें त्या म्हणाल्या, "पण यादींत त्यानें पहिलें नांव कोणाचें घातलें आहे, तें पाहिलेंत का? आपल्या सुनेच्या पायांना तेल लावायला जी बाई येते, तिला कितवा महिना आहे?"

मी थक्क झालें. ती बाई नालासोपाऱ्याच्या चाळींतून रोज येई. सोलापूर जिल्ह्यांतली, कामाला चलाख, सैल लुगडें नेसणारी. महिनाभर मी तिला पाहत होतें. तिचे हात लेकीच्या पायांवर कसे चालतात एवढेंच मीं पाहिलें होतें. विहीणबाईंनाही आदल्याच दिवशीं उमगलें होतें. सहावा महिना, दुसरी खेप, नांव कोठेंच नोंदविलेलें नाहीं. 'आधीं या ताईंचें होऊं दे, बाळाला न्हाऊ घालायचें काम मिळेल, मग माझें बघीन,' असा तिचा बेत होता. दुसऱ्या दिवशीं विहीणबाईंनीं तिला तपासावयास नेलें. हिमोग्लोबिन ७.४. तिचें नांव पालिकेच्या रुग्णालयांत घातलें, गोळ्या कशा घ्यावयाच्या तें दोनदां सांगितलें, आणि केंद्र सरकारच्या मातृवंदना योजनेचीं कागदपत्रें मागविलीं. त्या योजनेंत पहिल्या खेपेस ५,००० रुपये मिळतात. दुसऱ्या खेपेस मुलगी झाली तरच ६,०००. हा नियम आजेसासूबाईंना वाचून दाखविला तेव्हां त्या बराच वेळ हंसत होत्या. "आमच्या वेळीं सरकार निराळें होतें," असें म्हणाल्या. डिंकाच्या लाडवांचा एक डबा त्या बाईबरोबर नालासोपाऱ्यास गेला. तो माझा होता कीं विहीणबाईंचा, हें दोघींनाही सांगतां आलें नसतें, इतके ते लाडू सारखे दिसत होते.

नवव्या महिन्यांत संध्याकाळीं पाऊस उघडला कीं मी लेकीला घेऊन हळूहळू किल्ल्याकडे फिरावयास जाईं. या किल्ल्याचा इतिहास येथें सांगत बसत नाहीं. चिमाजी आप्पांनीं १७३९ च्या मे महिन्यांत तो पोर्तुगीजांकडून घेतला, हें मराठी घरांतल्या मुलालाही ठाऊक असतें. त्यांच्या त्या विजयाचें वर्णन वाचतांना मला नेहमीं एक दुसरी गोष्ट आठवते. १७३० च्या ऑगस्टांत त्यांना मुलगा झाला. तेच पुढें पानिपतावर पडलेले सदाशिवरावभाऊ. मूल महिन्याचेंही झालें नव्हतें तों आई रखमाबाई वारल्या. पेशव्यांच्या घरीं वैद्यांची, दासींची, दानधर्माची, कशाची वाण होती? मुलगा आजी राधाबाईंच्या देखरेखीखालीं वाढला, आणि दहा वर्षांचा असतां वडीलही गेले. एकत्र कुटुंबाला आज नांवें ठेवणारे पुष्कळ आहेत, त्यांतले कांहीं आक्षेप खरेही आहेत. पण त्या घरांत राधाबाई होत्या म्हणून तें पोर उघड्यावर पडलें नाहीं. हें मीं लेकीला सांगितलें नाहीं. तिनें इतिहास तिच्या सासूबाईंकडून पुष्कळ ऐकलेला आहे.

समुद्राकडच्या दरवाजापाशीं एका चिऱ्यावर ती बसली आणि म्हणाली, "आई, एक सांगूं? रागावूं नकोस. वेळ आली कीं तूं इस्पितळांत येऊं नको. माझ्याबरोबर सासूबाई येऊं देत. तूं घरीं राहा, हिच्यापाशीं. ती आतां तुझ्याशिवाय झोपत नाहीं."

मी म्हणालें, "तिच्यापाशीं काकी आहे, आजोबा आहेत. मी पुण्याहून आलें तें काय घर राखायला?"

तिनें माझा हात धरला. "तसें नव्हे. तूं तेथें असलीस कीं मी तुझ्या तोंडाकडे पाहीन. आणि तुझ्या तोंडावर तें दिसतें, आई. मला पहिल्यापासून दिसतें."

त्या मुलाविषयीं मीं तिच्याजवळ आयुष्यांत एकदांही बोललेलें नव्हतें. कोणीं सांगितलें तें मीं विचारिलें नाहीं. अंधार पडूं लागला होता, डांस चावूं लागले होते. आम्ही घरीं आलों. रात्रीं मीं विहीणबाईंना सांगितलें कीं इस्पितळांत तुम्हीच जा. त्यांनीं "बरें" म्हटलें, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळचा माझा चहा, मी उठण्याच्या आधींच, माझ्या खोलींत आणून ठेवला.

दिव्याच्या अंवसेला घरांतल्या समया, निरांजनें, लामणदिवे चिंचेनें घांसून पाटावर मांडले होते. पाऊस सकाळपासून कोसळत होता. कागदावर मध्यरात्रीच्या भरतीला तांबडी खूण होती. रात्रीं दहाच्या सुमारास लेकीला कळा सुरू झाल्या. दिवस भरावयास अजून आठवडा होता. अंगणांत घोट्याइतकें पाणी होतें, नाक्यावर गुडघाभर. जांवईबापूंनीं कुंपणावरून एकच हांक मारली. पांच मिनिटांत फुलांच्या टोपल्या उतरवून काकूंचा मुलगा टेंपो घेऊन दारांत आला. मागच्या बाजूला काकूंनीं गादी घातली होती. लेक, जांवई, विहीणबाई बसल्या. रक्त देण्यासाठीं धाकटे बंधुही चढले. लेकीनें माझ्याकडे पाहिलें, आणि मीं आपलें तोंड जितकें सरळ ठेवतां येईल तितकें ठेवलें. टेंपोचा तांबडा दिवा पाण्यांत हलत हलत वळणावर दिसेनासा झाला.

आंत नात जागी होती. तिनें माझा कान धरला आणि विचारिलें, "गेली?" मी "हो" म्हणालें. "बाळ आणायला?" "हो." ती झोंपली. मी तशीच पडून राहिलें. पलीकडच्या खोलींत आजेसासूबाई पाटावरच्या दिव्यांपैकीं एकींत तेल घालीत बसल्या होत्या. मधून मधून वातीचा उजेड भिंतीवर हले. बारा वाजले, एक वाजला. कौलांवर पाऊस होता. त्या रात्रीविषयीं आणखी लिहिण्यासारखें माझ्यापाशीं कांहीं नाहीं.

तीन वाजून दहा मिनिटांनीं फोन आला. विहीणबाईंचा आवाज बसला होता. मुलगी झाली. रक्त गेलें, याही वेळीं गेलें, पण डॉक्टरीणबाई तयार होत्या. एक बाटली चढविली, आतां थांबलें आहे. लेक बोलते आहे. "आणि अहो," त्या म्हणाल्या, "बाळाची पिशवी कुठें आहे? बाळ माझ्या शालींत गुंडाळलें आहे."

पिशवी दारामागें होती. तीस दुपटीं, झबलीं, टोपडीं, सारें जिथल्या तिथें. मीं आजेसासूबाईंना जाऊन सांगितलें, "मुलगी झाली." त्या म्हणाल्या, "तें असूं दे. आमची कशी आहे?" मीं 'बरी आहे' असें सांगितल्यावर त्यांनीं हातांतलें तेलाचें भांडें खालीं ठेवलें आणि इतक्या वर्षांत प्रथमच माझ्यादेखत डोळे पुसले.

सातच्या सुमारास ओहोटी लागली. सडकेवरचें पाणी उतरून चिखल, केळीचीं पानें आणि कोणाची तरी एक चप्पल मागें राहिली होती. नातीला आंघोळ घालून मीं बरोबर घेतलें. रिक्षांत बसण्यापूर्वी तिनें पिशवी उघडावयास लावली, स्वतःचें तें टोपडें हुडकून काढलें, थोडा वेळ हातांत धरलें, आणि पुन्हां आंत घातलें. एक दुपटें मात्र काढून आपल्या खांद्यावर टाकलें. पिशवी तिनें मला धरूं दिली नाहीं. सबंध रस्ता ती मांडीवर घेऊन ती रिक्षावाल्याला, खड्डे पाहून सावकाश चालवा, असें सांगत होती.